२०१० च्या कॉम्प्युटरला ४ टीबीची हार्डडिस्क: आठ महिने वापरून लिहितो

आधी निकाल सांगतो. डिस्क आठ महिने रोज चालते आहे, अडीच टीबी भरली आहे, आणि आजवर एकही फाइल उघडताना अडलेली नाही. माझं मशीन पंधरा वर्षांचं आहे. "एवढ्या जुन्या मशीनला एवढी मोठी डिस्क चालायचीच नाही, नवीन मशीन घ्या," हे मला तीन ठिकाणी ऐकायला मिळालं. ते खरं नाही. चालते, आणि अख्खी चालते. पण ती नीट लागेपर्यंत माझे अडीच महिने गेले आणि एक टेप कायमची गेली. ती टेप परत येणार नाही. निदान दुसऱ्या कुणाची जाऊ नये म्हणून सगळं लिहून ठेवतो.

फोंड्याला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. २००० ते २०१२ या काळात लग्नं, मुंजी तर केल्याच, पण माझं मन रमायचं ते जत्रेतल्या नाटकांत आणि भजनांत. म्हार्दोळ, कवळे, बांदोडे, शिरोडा, आषाढातला माशेलचा चिखलकालो, कुठे कुठे कॅमेरा घेऊन गेलो. आधी लहान हँडीकॅम होता, मग पीडी १७० घेतला. सगळं चित्रण मिनी डीव्हीच्या लहान कॅसेटवर. अशा २६० टेपा कपाटात आहेत. गोव्यातल्या पावसाळ्यात टेपेचं काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. चवथीच्या आधी कपाट उघडलं आणि डबीच्या काचेतून रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली. बुरशी. त्या दिवशी ठरवलं, आता थांबायचं नाही, सगळ्या टेपा कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या.

हिशेब सोपा होता. मिनी डीव्हीची एक तासाची टेप जशीच्या तशी उतरवली तर साधारण १३ जीबी होते. २६० टेपा म्हणजे ३,४०० जीबीच्या आत-बाहेर. म्हणून ४ टीबी.

"मग नवीनच कॉम्प्युटर का नाही घेतला?" हे मला घरातही विचारलं गेलं. कारण कॅमेऱ्यातून टेप उतरवायला फायरवायरचं कार्ड लागतं. माझं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतं आणि आजच्या मदरबोर्डवर तो स्लॉट शोधूनही सापडत नाही. शिवाय विंडोज ७ मध्ये त्या कार्डाला 'लीगसी' म्हणून जो ड्रायव्हर मिळतो, तो लावला की कॅमेरा क्षणात ओळखला जातो. विंडोज ८ पासून तो सोबत येत नाही. माझं मशीन म्हणजे कोअर टू ड्युओ, जी ४१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज ७. टेपा उतरवायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही माझ्याकडे नाही. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स जानेवारी २०२० मध्ये बंद झाली, म्हणून हे मशीन मी इंटरनेटला लावत नाही. एवढं पथ्य पाळलं की पुरे.

डिस्क घेतली ती साडेतीन इंची, डेस्कटॉपची, ५४०० फेऱ्यांची, नऊ हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव देत नाही, कारण यात जे भलंबुरं आहे ते कंपनीपेक्षा डिस्कच्या प्रकाराचं आहे. पुढे येईल ते.

पहिली चूक डिस्क बसवतानाच झाली. एका दुकानात मशीन घेऊन गेलो. त्यांनी केबल जोडली, मशीन चालू केलं, आणि विंडोजच्या आधी येणाऱ्या काळ्या पडद्यावर डिस्कचं माप आलं १८०१ जीबी. दुकानदार म्हणाला, एक तर डिस्क डुप्लिकेट आहे, नाही तर तुमचं मशीन हिला पेलत नाही. विंडोजमध्ये गेल्यावर त्यातल्याच डिस्क मॅनेजमेंट नावाच्या प्रोग्रामने नवीन डिस्क तयार करायची खिडकी दाखवली. त्याने न वाचता ओके दाबलं. मग डिस्कचे दोन तुकडे दिसले: २०४८ जीबी आणि १६७८ जीबी. पहिल्या तुकड्याचं पार्टिशन झालं. दुसऱ्यावर राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय फिके. "एवढीच मिळेल, बाकीची सोडा," असं सांगून त्याने कॅबिनेट बंद केलं. मी पैसे दिले आणि मशीन घरी आणलं. नऊ हजारांतले चार हजार पाण्यात गेले असं वाटलं, पण टेपा डोळ्यांसमोर होत्या, म्हणून कामाला लागलो.

खरं कारण मला खूप नंतर कळलं. समजायला सोपं आहे, पण ते ओके दाबायच्या आधी माहीत असायला हवं.

माझ्याकडे पावत्यांवर क्रमांक मारायचा लोखंडी शिक्का आहे, चार चाकांचा. ९९९९ नंतर दाबलं की ०००० उमटतं. पाचवं चाकच नाही, तर दहा हजार उमटणार कुठून? डिस्कवर जागा ५१२ बाइटच्या खणांमध्ये मोजली जाते आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. डिस्कच्या वाटण्या (पार्टिशन) नोंदवायची जुनी पद्धत म्हणजे एमबीआर. तिच्यात या क्रमांकासाठी ३२ बिट, म्हणजे शिक्क्याच्या भाषेत ३२ चाकं, ठेवलेली आहेत. त्यात फार तर ४,२९,४९,६७,२९६ खण मोजता येतात. गुणिले ५१२ केलं की २.२ टीबीच्या किंचित खाली आकडा येतो, आणि विंडोज त्यालाच २०४८ जीबी म्हणतं. त्यापुढच्या जागेला द्यायला क्रमांकच नाही. जागा आहे, चांगली आहे, पण तिचा पत्ता लिहिता येत नाही. नव्या पद्धतीत, म्हणजे जीपीटीमध्ये, क्रमांकाला ६४ बिट आहेत. माझ्या हयातीत ती चाकं संपणार नाहीत.

आणि ते १८०१? तेही याच शिक्क्याचं काम. जुन्या बायोसने (विंडोजच्या आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मोजायला सुरुवात केली, २१९९ पर्यंत गेला, चाकं पुन्हा शून्यावर आली, आणि उरलेलं जे मोजलं ते १८०१. ४००० मधून २१९९ वजा करून पाहा. डिस्क डुप्लिकेट नव्हती. बायोस खोटं बोलत नव्हता, त्याची चाकं कमी पडली एवढंच. आणि एकदा विंडोज ७ सुरू झालं की डिस्कशी बोलायला ते स्वतःचा ड्रायव्हर वापरतं, बायोसचं माप विचारत नाही. म्हणून माझ्या बायोसमध्ये आजही १८०१ दिसतं आणि विंडोजमध्ये पूर्ण ३.६३ टीबी. (४ ऐवजी ३.६३ दिसतं म्हणून कुणी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.)

हे कळलं ते एका वाईट दिवशी.

अडीच महिन्यांत ११८ टेपा उतरल्या होत्या. टेप उतरते तेव्हा तास म्हणजे तासच लागतो, घाई करता येत नाही. सकाळी स्टुडिओ उघडला की एक लावायची, जेवायच्या आधी दुसरी. डिस्कमधून अधूनमधून 'टक्' असा आवाज यायचा. मी कानाआड केलं. हीच माझी मोठी चूक.

२००४ ची एक टेप होती. जत्रेतलं संगीत नाटक, गावातलीच मंडळी, आणि पेटीवर जे बसले होते ते आज नाहीत. त्या रात्री पहिल्या अंकात पेटीवाल्यांनी एक जागा अशी घेतली होती की नट क्षणभर गायचा थांबून त्यांच्याकडे वळून पाहतो. ती गोष्ट मला वीस वर्षं आठवते आहे. टेपेला बुरशी होती. अशी टेप बहुतेक एकदाच चालते, कारण बुरशी कॅमेऱ्याच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि दुसऱ्या खेपेला फीत चिकटते. मी हेड साफ केलं, टेप लावली, रेकॉर्ड दाबलं. अडतीस मिनिटं झाल्यावर डिस्कने 'टक् टक्' केलं, प्रोग्राम गोठला आणि डिस्क विंडोजमधून नाहीशी झाली. कॅमेरा मात्र फिरतच राहिला. पुन्हा सगळं चालू करून टेप मागे घेतली तेव्हा फीत कॅमेऱ्यातच गुंडाळली गेली. सोडवताना दीड हात फीत चुरगळली. पहिली अडतीस मिनिटं डिस्कवर होती, ती पुढे सापडली. ती जागा त्यानंतर येते. ती गेली.

त्या संध्याकाळी मी एका मुलाला बोलावलं. तो घरूनच दुरुस्तीची कामं करतो, माझ्या मित्राच्या ओळखीचा. त्याचं नाव त्याला न विचारता इथे देत नाही, पण हा लेख निम्मा त्याचाच आहे. त्याने येऊन आधी कॉम्प्युटर सुरूच केला नाही. कॅबिनेट उघडलं, दुकानदाराने लावलेला पॉवरचा कन्व्हर्टर हातात घेऊन हलवून पाहिला. माझ्या जुन्या एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, साटाचे (आजच्या डिस्कांना लागतात तसले) दोनच प्लग होते, ते जुनी डिस्क आणि डीव्हीडी यांना गेलेले, म्हणून नव्या डिस्कला चार पिनांच्या जुन्या प्लगातून कन्व्हर्टर लावलेला होता. त्याने मल्टिमीटर काढला. एक सळई पिवळ्या तारेत, एक काळ्या तारेत. मला म्हणाला, "भाई, आतां चालू करा आनी आंकड्याकडेन पळयात." (आकड्याकडे बघा.)

मी बटण दाबलं. मीटरवर ११.९ दिसलं. डिस्क फिरायला लागली, तो घुमणारा आवाज चढत गेला, आणि मीटर ११.५, ११.३, ११.१ असा उतरत गेला. मग 'टक्'. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट असायला हवेत, आणि पाच टक्के वरखाली चालतात, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा तिला क्षणभर दोन अँपिअरच्या आसपास ओढ लागते. माझ्या पंधरा वर्षांच्या एसएमपीएसमध्ये ती द्यायची ताकद उरली नव्हती.

"डिस्क बरी आसा, भाई," तो म्हणाला. "तिका पुराय करंट पावना." (तिला पुरेसा करंट पोचत नाही.)

मी दोन मिनिटं काही बोललो नाही. अडीच महिने ती डिस्क तोंडाने सांगत होती.

नवीन एसएमपीएस १,८०० रुपयांना आला, साटाचे सरळ प्लग असलेला. कन्व्हर्टर काढून टाकला. त्यातही एक गोष्ट त्याने दाखवली. प्लास्टिक ओतून बंद केलेले कन्व्हर्टर आतून तापून जळाल्याची उदाहरणं बरीच आहेत. लावायचाच असेल तर ज्याच्या तारा एकेक करून खटक्यात बसवलेल्या दिसतात तो घ्यावा. मीटर पुन्हा लावला. डिस्क फिरायला लागली तरी काटा १२.० च्या खाली आला नाही. त्या दिवसापासून 'टक्' नाही.

जुनं मशीन आणि मोठी डिस्क यांचा विषय निघाला की सगळे बायोस आणि विंडोजबद्दल बोलतात, एसएमपीएसबद्दल कुणी बोलत नाही. त्यात आपली हवा. खारा दमट वारा सगळीकडे शिरतो, प्लगाच्या पिना हिरव्या पडतात, एसएमपीएसमधले कपॅसिटर थकतात. मोठी डिस्क घ्यायच्या आधी मल्टिमीटर लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मग त्याने विंडोज चालू करून डिस्क मॅनेजमेंट उघडलं आणि तो १६७८ जीबीचा मोकळा पट्टा पाहून थांबला. "अर्दी डिस्क अशीच पडल्या?" मी दुकानदाराचं बोलणं सांगितलं. त्याने मान हलवली आणि माझ्याच पावतीच्या पाठीमागे एमबीआर, जीपीटी लिहून समजावलं. शिक्क्याची उपमा माझी, पण समज त्याची.

अडचण एकच होती. विंडोज ७ चं डिस्क मॅनेजमेंट डिस्क रिकामी असेल तरच एमबीआरची जीपीटी करतं. एकही पार्टिशन असेल तर तो पर्याय फिका राहतो. माझ्या डिस्कवर तर दीड टीबी टेपा होत्या. त्याने स्वतःची २ टीबीची डिस्क आणून दिली. बाहेरून यूएसबीने लावली असती तर माझ्या मशीनच्या यूएसबी २.० वर सेकंदाला तीसेक एमबीच गेले असते. म्हणून तीही आतल्या साटाच्या केबललाच जोडली. एका रात्रीत सगळं तिकडे गेलं. सकाळी आम्ही दहा-बारा फाइली मधून मधून उघडून पाहिल्या, फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवले, आणि मगच पुढे गेलो.

त्यानंतरचं काम दोन मिनिटांचं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन काढून टाकलं. पट्ट्यावर नाही, तर डाव्या बाजूला 'डिस्क १' लिहिलेला जो करडा चौकोन असतो त्याच्यावर राइट क्लिक केलं, 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क' निवडलं. दोन पट्ट्यांचा एक पट्टा झाला: ३७२६ जीबी. हे पाहून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. डिस्क कोरी असेल तर एवढंही करावं लागत नाही. पहिल्यांदा जी खिडकी येते तिच्यात एमबीआर आणि जीपीटी असे दोन गोल असतात, त्यातला दुसरा निवडायचा. बस. दुकानात त्या एका गोलावर क्लिक झालं असतं तर ही सगळी वणवण वाचली असती.

फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण आम्ही काढून टाकली. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट म्हणजे डिस्कच्या प्रत्येक खणावर शून्य लिहिणं, त्यामुळे एखादी खराब जागा असेल तर ती तेव्हाच उघडी पडते. माझ्या डिस्कला साडेआठ तास लागले. मे महिन्याच्या वळिवात फोंड्याला वीज किती वेळा जाते ते इथल्यांना ठाऊक आहे, म्हणून यूपीएसवर लावलं आणि रात्री केलं. फाइल सिस्टीम एनटीएफएसच ठेवा. फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि टेपेची एक फाइल १३ जीबीची असते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण मलाही तो होता. जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करायचं असेल तर यूईएफआयचा (बायोसच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेचा) बोर्ड आणि ६४ बिट विंडोज लागतं. माझा बोर्ड जुन्या बायोसचा आहे, त्यावर ते होणार नाही. पण मला ते करायचंच नाही. विंडोज जुन्या २५० जीबीच्या डिस्कवर आहे, तशीच एमबीआर. मोठी डिस्क फक्त सामान ठेवायला. अशा कामाला व्हिस्टा आणि त्यापुढचं कुठलंही विंडोज, ३२ बिट असलं तरी, जीपीटी वाचतं. ३२ बिट एक्सपी मात्र नाही. तसल्या मशीनला अशी डिस्क लावली तर 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' एवढंच दिसतं. दिसलं तर हात लावू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका.

या सगळ्या जोडाजोडीनंतर एकदा मशीन सुरूच झालं नाही. काळ्या पडद्यावर 'इन्सर्ट सिस्टम डिस्क'. माझ्या पोटात गोळा आला. पण काही बिघडलं नव्हतं. बायोसने आपणहून नव्या डिस्कला पहिला नंबर दिला होता आणि तिच्यावर विंडोज नाही. बूटच्या यादीत जुनी डिस्क पुन्हा वर ठेवली की झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! तेव्हा कळलं की मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय, मेन स्विच बंद केला की बायोस सगळं विसरतो. सेल बदलला, प्रश्न मिटला.

आता डिस्कच्या खऱ्या गुणदोषांचं.

टेप उतरवायला ही डिस्क अगदी योग्य. डीव्हीला सेकंदाला साडेतीन एमबीच्या जरा वर वेग लागतो, आणि ही त्याच्या तीस-चाळीसपट सहज देते. माझ्या बोर्डवर साटा २ आहे म्हणून वेग कमी होईल ही भीती फुकटची होती. साटा २ सेकंदाला ३०० एमबी नेऊ शकतं आणि फिरत्या डिस्कला त्याचं निम्मंही जेमतेम भरता येतं. एकदाही फ्रेम गळलेली नाही.

पण दीड टीबी परत या डिस्कवर टाकताना तिचा दुसरा स्वभाव दिसला. सुरुवातीला १३० एमबीने धावली. पंधरा-वीस मिनिटांनी चाळीसवर आली आणि तिथेच रेंगाळली. साडेनऊ तास लागले. हा बिघाड नाही, हा एसएमआर नावाचा प्रकार आहे. घरावरची कौलं जशी एकावर एक किंचित चढवून बसवतात तसे या डिस्कवर डेटाचे पट्टे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात, त्यामुळे कमी जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात, तसंच इथे: मधलं काही बदलायचं तर शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. मोठ्या लिखाणात डिस्क याच कामात दमते. २०२० साली यावरून खूप ओरड झाली, तेव्हा तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपल्या कुठल्या डिस्का या प्रकारच्या आहेत ते उघड केलं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मात्र अजूनही बहुधा लिहिलेलं नसतं. एकदा लिहून ठेवायचं आणि नंतर फक्त वाचायचं, अशा माझ्यासारख्या कामाला एसएमआर चालते. रोज एडिटिंग करायचं असेल, फाइली सारख्या पुसून लिहायच्या असतील, तर थोडे जास्त पैसे देऊन सीएमआर डिस्कच (जिच्यात पट्टे एकमेकांवर चढवलेले नसतात ती) घ्या. मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्यात पाहून मगच पैसे द्या.

उष्णतेचं सांगायचं राहिलं. एप्रिलमध्ये डिस्कचं तापमान ४६ वर गेलं. जुन्या कॅबिनेटला पुढे पंखा नव्हता. जाळीमागे ८० मिलिमीटरचा एक पंखा बसवला, तेव्हापासून ४० च्या आत असतं. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये मी दर रविवारी तीन ओळी पाहतो: ०५, सी ५ आणि सी ६. म्हणजे बदललेले खण, संशयित खण, न वाचता आलेले खण. आठ महिन्यांनंतरही तिन्ही शून्य. कमी व्होल्टवर अडीच महिने काढूनही डिस्कने तग धरला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

अजून एक सावधगिरी. नवी डिस्क आधी यूएसबीच्या डॉकमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या खोक्यात) लावून फॉरमॅट करायची आणि मग मशीनमध्ये बसवायची, असं काही जण करतात. काही डॉक खणांचं माप ५१२ ऐवजी ४०९६ सांगतात. त्या डॉकमध्ये फॉरमॅट केलेली डिस्क आत बसवली की विंडोज ती ओळखत नाही आणि फॉरमॅट करू का विचारतं. आत डेटा शाबूत असतो, पुन्हा त्याच डॉकमध्ये लावला की दिसतो. म्हणून जिथे राहायची आहे तिथेच जोडून फॉरमॅट करा.

त्या मुलाने दोन संध्याकाळ आणि एक सकाळ दिली, स्वतःची डिस्क आठवडाभर माझ्याकडे ठेवली, आणि मागितले फक्त ७०० रुपये. मी जास्त दिले. त्याने घेतले नसते, पण मी सांगितलं की हे पेटीवाल्यांसाठी आहेत. फोंड्यात अशी मुलं आहेत. जे मशीन टाकून द्या म्हणतात त्यांच्याकडे जाण्यापेक्षा जे आधी मीटर काढतात त्यांना शोधा.

दुसरी डिस्क गेल्या महिन्यात घेतली, ४ टीबीचीच, पण सीएमआर. पहिलीची नक्कल तिच्यावर केली आणि ती मडगावला बहिणीकडे ठेवली आहे, प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्यांसोबत. दर तीन महिन्यांनी ती आणून नवीन टेपा तिच्यावर चढवायच्या. एका डिस्कवर सगळं ठेवून मला आता झोप लागत नाही.

१९३ टेपा झाल्या, ६७ उरल्या आहेत. ज्यांना बुरशी आहे त्या वेगळ्या काढून आधी घेतो आहे. त्या २००४ च्या नाटकाची अडतीस मिनिटं मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत, आणि तुटलेली फीत डबीत तशीच आहे. त्या रात्री आणखी कुणाचा कॅमेरा चालू होता का, हे मी त्या गावात विचारत असतो. एकाने सांगितलंय की त्याच्या काकांच्या पेटीत काही टेपा आहेत. पुढच्या रविवारी जाणार आहे.